भिंगाखालची सही

प्रिय टिकटिक,

तुझी चिठ्ठी परवा पोचली. दोनच वाक्यं! लहानपणी सकाळी एकदा तुझं तोंड उघडलं की दिवे लागेपर्यंत मिटायचं नाही, म्हणून तर तुला हे नाव पडलं. त्या मुलीने बापाला दोन वाक्यांत उरकलं म्हणजे प्रकरण गंभीर आहे, हे मला वाचायच्या आधीच कळलं. पहिलं वाक्य, बाबा, तुम्ही मला का सांगितलं नाहीत. दुसरं, सोमवारी मी राजीनामा देतेय. फोन करता आला असता, पण फोनवर तू ऐकत नाहीस, मी बोलत नाही, आणि आपल्या दोघांच्या वतीने तुझी आईच बोलते. तेव्हा पत्र बरं. आज गुरुवार. शनिवारपर्यंत तुझ्या हाती पडावं म्हणून आज सकाळीच दुकानात लिहायला बसलोय. गिऱ्हाईक आलं तर थांबेल. ज्याचं घड्याळच बंद पडलंय त्याला कसली आलीय घाई!

ओळी इतक्या सरळ कशा, म्हणून नवल करू नकोस. शेजारच्या किल्लीवालीने बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन त्यात एका ओळीएवढी खिडकी कापून दिलीय. ती कागदावर ठेवायची, खिडकीत लिहायचं, ओळ भरली की पुठ्ठा खाली सरकवायचा. पुठ्ठा नसला की मला पुढच्या ओळीची सुरुवात सापडत नाही आणि मी मागच्याच ओळीवर दुसऱ्यांदा लिहितो. तुझी आई म्हणते, तसंही तुम्ही प्रत्येक गोष्ट दोनदा सांगता, फरक काय पडतो.

डोळ्यांचं आधी सरळ सांगून टाकतो, कारण ती फोनवर ‘डावा जरा अधू झालाय’ एवढंच म्हणते. अधूबिधू काही नाही, डावा गेला. परत यायचा नाही. उजवा आहे, पण त्यातलाही दाब वाढलाय आणि येत्या बुधवारी त्याचं ऑपरेशन आहे. डॉक्टरीणबाईंनी मला लहान मुलाला सांगावं तसं समजावलं, की काचबिंदूने नेलेली नजर ऑपरेशनने परत मिळत नाही, उरलेली टिकवायची असते. मी म्हटलं, बाई, आमच्या धंद्यातही तेच आहे, गेलेली वेळ आम्ही कोणाला परत देत नाही, घड्याळ पुढे चालू करून देतो. त्या हसल्या. हल्ली त्या फार कमी हसतात, म्हणून मला बरं वाटलं.

आता ‘का सांगितलं नाहीत’. त्यासाठी जरा मागे जावं लागेल, तर धीर धर. तू नऊ वर्षांची असताना अपेंडिक्स फुटून इस्पितळात होतीस. तुला त्यातले फक्त टाके आणि शाळेची बुडालेली परीक्षा आठवत असेल. मला आठवते ती पैसे भरायची खिडकी. अकरा दिवसांनी तुला घरी न्यायचं होतं आणि माझ्या उस्तादांनी मला दिलेलं चावीचं मनगटी घड्याळ मी रुमालात बांधून नेलं होतं. घरात मोलाची म्हणावी अशी तेवढी एकच वस्तू. हे ठेवून घ्या, बाकीचं हळूहळू फेडतो, असं बोलायचं पाठ करून गेलो होतो. खिडकीतल्या बाईंनी आपलं आरोग्यकार्ड बघितलं, एक शिक्का मारला आणि म्हणाल्या, झालं, न्या मुलीला. मी तसाच उभा. त्यांना वाटलं मला कमी ऐकू येतं, म्हणून त्या ओरडून म्हणाल्या, अहो, घरी न्या तिला! बाहेर पायऱ्यांवर बसून मी रडलो, आणि तू माझा खांदा हलवून विचारलंस, घरी जायचंय तर रडता कशाला. त्यानंतर कित्येक वर्षं, मोठेपणी कोण होणार असं कोणी विचारलं की तू सांगायचीस, घरी न्या म्हणणारी बाई. लोक हसायचे. पण तू झालीस, त्याच कार्डांच्या कचेरीत लागलीस.

नोकरी लागली त्या दिवशी ते घड्याळ मी तुझ्या मनगटावर बांधलं आणि बांधता बांधता वचन घेतलं, की ओळखीपाळखीचं एकही काम करायचं नाही, घरच्यांचं तर नाहीच नाही. रांगेत उभं राहणाऱ्याचा हक्क आधी. तू ते इतकं पाळलंस की आत्याच्या यजमानांचा अर्जसुद्धा वर काढून ठेवायला नकार दिलास, आणि आत्या दोन वर्षं आपल्या घराची पायरी चढली नाही. भाऊ म्हणून मला वाईट वाटलं आणि बाप म्हणून मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. हे तुला तेव्हा सांगायला हवं होतं.

त्याच कार्डावर मी अकरा वर्षं डोळ्यांचे थेंब घेतले. औषधवाला मला लांबून बघितलं की मागे हात घालून बाटली काढून ठेवायचा, मला ‘थेंब’ हा शब्दसुद्धा उच्चारावा लागायचा नाही. सहा महिन्यांनी तपासणी. हनुवटी त्या यंत्रावर टेकायची, डॉक्टरीणबाई माझ्या डोळ्यात भिंगातून बघायच्या, आणि मला दर वेळी गंमत वाटायची की आज घड्याळजीचंच घड्याळ उघडलंय. आपल्या तिघांचं त्या कार्डावर काही कमी चाललं नाही. तुझ्या आईचा गुडघा, माझा न्यूमोनिया, तुझं अपेंडिक्स. एवढ्या वर्षांत मी त्याबद्दल कधी कोणाचे आभार मानले नाहीत. चालू घड्याळाचे कोण आभार मानतं? आज मात्र मनापासून वाटतं, आपण तिघं जे आहोत ते त्या कार्डाने राखलेले आहोत.

गेल्या वर्षी नियम बदलला. तुला काय सांगायचं, तुझ्या टेबलावरूनच गेला तो. कमी कमाईच्या माणसाने आता दर तीन महिन्यांनी सिद्ध करायचं, की तो काम करतो, आणि ते मालकाच्या सहीच्या दाखल्याने. इथे माझं घोडं अडलं. माझा मालक कोण? जिन्याखालची ही जागा, तीत एक टेबल, एक दिवा, एक स्टूल. मालक मीच, कारागीर मीच आणि केर काढणाराही मीच. दोन दिवस विचार करून मी चांगल्या कागदावर लिहिलं, की दाखला देण्यात येतो की सदर इसम माझ्याकडे एकतीस वर्षं कामाला असून प्रामाणिक, वक्तशीर व निर्व्यसनी आहे. खाली मालक म्हणून सही केली. समोर कामगार म्हणून पुन्हा सही केली. किल्लीवालीने तो वाचला आणि इतकी हसली की तिच्या यंत्रातली किल्ली वाकडी कापली गेली. मी मात्र गंमत म्हणून लिहिलं नव्हतं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि वक्तशीर तर मी आहेच.

महिन्याभराने पाकीट आलं. मी ते इथेच, या टेबलावर फोडलं. तुला माझी खोड माहीत आहे, कुठलाही कागद मी आधी तळाशी बघतो, पाठवणारा कोण ते. तळाशी तुझं नाव होतं. पूर्ण नाव, खाली हुद्दा, वर सही. बढती मिळाल्याचं तू सांगितलं होतंस, पण नाव छापून आलेलं बघणं वेगळंच असतं गं. माझी छाती अशी फुगली! किल्लीवालीला हाक मारायला मी तोंड उघडलंसुद्धा, की ये, बघ माझ्या पोरीची सही. मग वरचा मजकूर वाचला. मालक व कामगार एकच व्यक्ती असल्याने दाखला ग्राह्य धरता येत नाही, सबब आपले कार्ड रद्द करण्यात येत आहे. मी तोंड मिटलं, कागदाची होती तशी घडी घातली आणि घड्याळाच्या पट्ट्यांच्या खणात अगदी तळाशी ठेवून दिली. तुझ्या आईला सांगितलं, कार्डाचं काम चालू आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

यापुढचा मूर्खपणा सर्वस्वी माझा, तो तुझ्या खात्यावर ढकलणार नाही. थेंबांची बाटली दर महिन्याला विकत घेणं मला झेपणारं नव्हतं, दोन महिन्यांतून एक घेता येत होती. मग मी असा विचार केला, जो आमच्या धंद्यातला माणूसच करू जाणे. भिंग मी उजव्या डोळ्याला लावतो. एकतीस वर्षं केसाएवढ्या स्प्रिंगा, मोहरीएवढे स्क्रू, सगळं उजव्याने बघितलं. डावा त्या वेळी मिटलेला तरी असतो, नाहीतर भलतीकडे बघत असतो. म्हणजे कमावणारा उजवा आणि बसून खाणारा डावा. मग थेंब कोणाला? उजव्याला. डाव्याला म्हटलं, बाबा रे, तुझं तू बघ. बाटली दुप्पट दिवस पुरायला लागली आणि मी स्वतःच्या हुशारीवर खूश झालो. पुढे पुढे उजव्यालाही एक दिवसाआड घालू लागलो. तपासणीला जायचं सोडलंच होतं. औषधवाल्याने एकदा विचारलं, बाटली एवढी कशी पुरते हो तुम्हाला. मी म्हटलं, माझा हात घड्याळजीचा आहे, थेंब वाया जात नाही. त्या भल्या माणसाला खोटं बोललो याचं मला अजून वाईट वाटतं.

आणि काचबिंदू हा मोठा सभ्य चोर आहे. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेने नेतो. मला काही कळलंच नाही, कारण माझं काम उत्तम चाललं होतं. भिंगाखाली एकच डोळा लागतो. सगळ्यात नाजूक घड्याळं मी त्या वर्षात दुरुस्त केली. चुकत होतं ते बाकीचं. पाणी भांड्याच्या शेजारी ओतलं जायचं. जिन्याची शेवटची पायरी आहे की संपली, हे पायाने चाचपून बघावं लागायचं. रस्ता ओलांडताना डावीकडून सायकली एकदम उगवायच्या आणि मी सायकलवाल्यांवर ओरडायचो. तेव्हा कळलं, की बसून खाणारा म्हणून ज्याला हिणवलं तो डावा बिचारा दिवसभर वाट बघत होता, पायरी बघत होता, पाणी बघत होता. त्याच्या कामाची नोंद कुठेच नव्हती एवढंच.

तुझ्या आईने पकडलं. जेवताना ती लग्नापासून माझ्या डावीकडे बसते. ती काही वाढायला हात पुढे करायची आणि मी तिच्याकडे बघायचोच नाही. तिला वाटलं मी रागावलोय, म्हणून ती उलट माझ्यावर रुसली. आठ दिवस रुसून बसली, गाल फुगवून, आणि मला ते दिसलंच नाही! नवव्या दिवशी तिचा संयम संपला. ती उठून समोर आली, तिने माझ्या उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि विचारलं, किती बोटं आहेत. मी विचारलं, दिवे गेले का गं? भर दुपार होती. खिडकी उघडी होती. तिने हात काढला तेव्हा तिचा चेहरा मी बघितला, आणि ती पदर खोचून तडक किल्लीवालीला सांगायला गेली.

त्यानंतर जे झालं ते आठवलं की माझं मन भरून येतं. दुसऱ्या दिवशी किल्लीवाली तिचं दुकान बंद करून आमच्याबरोबर दवाखान्यात आली, आणि त्यानंतर प्रत्येक खेपेला आलीय. दवाखाना आता आठवड्यात दोनच दिवस उघडतो. कार्डवाली माणसं कमी झाली तशी दोन परिचारिकांना कामावरून कमी केलं, म्हणून त्या दोन दिवसांत बाकांवर, पायऱ्यांवर, फाटकापर्यंत माणसं. डॉक्टरीणबाईंनी माझी तपासणी केली, मी थेंबांचं खरं काय ते सांगितलं, आणि त्यांनी फाईल मिटली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मग उठून त्यांनी कपाटातल्या कंपनीच्या नमुन्याच्या बाटल्या काढल्या, माझ्या खिशात कोंबल्या आणि म्हणाल्या, दोन्ही डोळ्यांत, रोज, समजलं? मी म्हटलं, डावा तर गेला. त्या म्हणाल्या, मी तुम्हाला हिशोब विचारला नाही. ते मी कधी विसरणार नाही.

आपले शाळामास्तर आठवतात का, लंबकाचं घड्याळ घेऊन येणारे? त्यांनी अपिलाचा अर्ज लिहून दिला. या बोळातल्या प्रत्येक दुकानदाराने त्यावर सही केली, की हा माणूस इथे एकतीस वर्षं काम करताना आम्ही बघितलाय. मी तो रांगेत उभं राहून खिडकीत दिला. तुझं नाव कुठेही घेतलं नाही. रांगेतल्या एकाने मला ओळखलं आणि म्हणाला, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मी न ऐकल्यासारखं केलं. अर्ज दुसऱ्या कोणा अधिकाऱ्याकडे गेला आणि कार्ड परत मिळालं. तीन महिन्यांपुरतं. म्हणून बुधवारचं ऑपरेशन होतंय. मी तर खरंच नशीबवान.

इस्त्रीवाला तेवढा नशीबवान नाही. तोच तो, शाळेत असताना तुझा गणवेश आधी करून द्यायचा. त्याचंही कार्ड माझ्यासारखंच गेलं, त्यालाही मालक नाही. त्याने रक्तदाबाच्या गोळ्या डोकं जड वाटेल त्याच दिवशी घ्यायला सुरुवात केली. माझ्या अपिलावर त्याने सही केली तेव्हा तो धडधाकट होता, वर मलाच हसला, की आता तुम्हाला कपड्यांवरची घडीसुद्धा दिसायची नाही. त्यानंतर तीन आठवड्यांनी सकाळी इस्त्री हातातून निसटली आणि तो टेबलाखाली बसला तो बसलाच. उजवी बाजू गेली. मास्तरांनी आता त्याचाही अर्ज लिहिलाय. त्यावर सहीच्या जागी डाव्या हाताचा अंगठा आहे. दवाखान्यात त्याच्या बायकोशेजारी बाकावर बसलो होतो तेव्हा मला एकदम उमगलं, की मी माझ्या डोळ्याशी तेच केलं जे या नियमाने आमच्याशी केलं. मी त्याच्याकडे कामाचा दाखला मागितला, त्याला तो देता आला नाही, म्हणून त्याचं औषध बंद केलं.

आता तू आलीस त्या रविवारचं. आईने फोनवर सांगितलं म्हणून धावत आलीस. दिवसभर मला धरून धरून चालवत होतीस, जसा काही मी काचेचा. संध्याकाळी दुकानात म्हणालीस, बाबा, उस्तादांच्या घड्याळाचा पट्टा झिजलाय, मीच घेते एखादा. खण उघडल्याचा आवाज आला. मग कसलाच आवाज आला नाही. तू माझ्या डावीकडे होतीस, म्हणून तुझा चेहरा मला दिसला नाही, आणि मान वळवून बघायची माझी छाती झाली नाही. तू पट्टा लावलास, म्हणालीस, आधीची बस मिळेल, आणि गेलीस. मी टेबलापाशी बसून राहिलो. आईला अजून त्या कागदावरच्या सहीचं काही माहीत नाही. ते आपल्या दोघांत.

तू विचारलंस, का सांगितलं नाहीत. तर आईला मी सांगितलं की वचनामुळे. मीच घेतलेलं वचन मीच कसं मोडायला लावू? ऐकायला ते फार छान वाटतं, मलाही वाटलं. पण ते खरं कारण नाही. मला भीती वाटत होती. ती सही बघितल्यापासून माझ्या मनात एकच किडा वळवळत होता, की पोरीने माझं नाव वाचलं असेल का? वाचून, बाप आहे म्हणूनच, वचन आठवून सही केली असेल का? सांगितलं असतं तर तू काहीतरी उत्तर दिलं असतंस, आणि ते उत्तर मला ऐकायचं नव्हतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. एकतीस वर्षं जगातली प्रत्येक वस्तू भिंगाखाली धरणारा मी, तो एक कागद वर्षभर भिंगाखाली धरला नाही.

आज सकाळी धरला. तुझी चिठ्ठी वाचून दोन दिवस झाले होते, म्हटलं बुधवारनंतर काय दिसेल न दिसेल, आता बघूनच घ्यावं. दिवा जवळ ओढला, भिंग लावलं. टिकटिक, ती सही शाईची नाही गं. शाई कागदाच्या धाग्यांत शिरते, कडेला जराशी पसरते, वळणावर दाट होते. तसं तिथे काहीच नाही. नुसते ठिपके आहेत, वरच्या मजकुरासारखेच, एकसारखे, सुटे सुटे. यंत्राने छापलेली सही. शेजारी मी तुझी चिठ्ठी ठेवली. तीत तुझ्या नावाखाली तू जी शेपटी ओढतेस तिथे पेन इतकं दाबलंयस की कागद फाटायचाच बाकी होता. ती माझ्या पोरीची सही. नोटिशीवरची नव्हे. तू माझं नाव वाचलंच नव्हतंस. कोणीच वाचलं नव्हतं. मी भिंग काढलं आणि इथेच बसून, किल्लीवालीला दिसू नये म्हणून तोंड फिरवून, रडलो. इस्पितळाच्या पायऱ्यांवर रडलो होतो तसाच, हलका होऊन.

हे कळवायला हे पत्र. तुझ्या हातून काही झालेलं नाही, पण तुझ्या नावाखाली झालेलं आहे, आणि दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, म्हणून तर राजीनामा लिहिलास. तो फाड. तू उठलीस तर त्या खुर्चीत कोणीतरी बसेलच, आणि ठिपके छापले जातच राहतील. मी तुझ्याकडून एक वचन घेतलं होतं, आज दुसरं मागतो. यापुढे ज्याला नकार द्यायचा असेल त्याच्या कागदावर तू स्वतःच्या हाताने, शाईने सही कर. वरिष्ठ विचारतील हा कसला उद्योग, त्यांना सांग, घरची शिस्त आहे. सही करायची तर नाव वाचावं लागतं. हात दुखेल. दुखू दे. इस्त्रीवाल्याचा अर्ज रांगेतून येईल, त्याचं काम कर असं मी म्हणत नाही, आपलं जुनं वचन कायम आहे. तो अंगठा नीट बघ, एवढंच. आणि सोमवारी राजीनाम्याच्या जागी बुधवारच्या रजेचा अर्ज दे. ऑपरेशननंतर त्याच दिवशी सोडतात, पण सोबत कोणीतरी लागतं. तुझी आई येईलच, पण खिडकीतल्या बाई शिक्का मारून ‘घरी न्या यांना’ म्हणतील, तेव्हा माझं बोट धरायला तू हवीस. माझ्या उजवीकडे उभी राहा, म्हणजे आधी तू दिसशील.

तुझाच, एका डोळ्याचा आणि भरल्या मनाचा,
बाबा